पाळी गेली, आता हाडांकडे बघ

अगं, पाळी जाऊन दोन वर्षं झाली आणि तू इम्युनिटी वाढवायची पुडी सुरू केलीस? करोनापासून हे वेडच लागलंय सगळ्यांना. पण या वयात हाडांच्या बाबतीत प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, उलट चवताळते.

हाड जन्मभर झिजतं आणि भरतं. जुनं हाड पोखरणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. त्या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींच्याच कुळातल्या. त्यांना कामाला लावणारा निरोप, रँकल नावाचं प्रथिन, हाडाच्या पेशींकडून येतो तसा टी-पेशी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींकडूनही येतो. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन या सगळ्यांना आवरून धरतं. ते आटलं की टी-पेशी भडकतात, टीएनएफसारखी सूज वाढवणारी द्रव्यं सोडतात आणि मग मुकादम नसलेल्या ऊसतोड टोळीसारखं होतं: तोड जोरात, लागवड मागेच. म्हणून पहिल्या काही वर्षांतच हाडं सगळ्यात वेगानं झिजतात, दुखत काही नाही.

2000 साली अमेरिकेत टी-पेशी नसलेल्या उंदरिणींचे बीजांडकोश काढले, तर त्यांची हाडं झिजली नाहीत. पुढे काहींना उलटे निकालही मिळाले, म्हणजे सगळा दोष टी-पेशींचा असं नाही. पण मला आवडलेली गोष्ट आपल्या पुण्याची आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणींच्या गटानं 2003 साली दाखवलं, की टी-पेशीच सोडतात ते आयएल-3 हे द्रव्य ऑस्टिओक्लास्ट तयार होऊ देत नाही. होऊ घातलेल्या पेशीला ते दुसऱ्याच वाटेला लावतं. 2010 साली माणसाच्या पेशींवरही तेच दिसलं. म्हणजे पोखरायला लावणाऱ्याही टी-पेशीच आणि थांबवणाऱ्याही त्याच! मग पुडीनं नेमकं काय वाढवणार तू? अर्थात हे प्रयोगशाळेतलं, दुकानात मिळणारं औषध नव्हे.

दुकानात मिळतं ते डेनोसुमॅब, रँकललाच अडवणारं इंजेक्शन, सहा महिन्यांतून एकदा. डॉक्टरांनी दिलंच तर तारीख चुकवू नकोस. मध्येच सोडलं तर हाडं झपाट्यानं झिजतात, मणकेही दबतात. ‘बरं वाटतंय’ म्हणून औषध सोडायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

गुडघ्यासाठी कुणी बिननावाची पुडी दिली आणि दोन दिवसांत चमत्कार झाला, तर आधी स्टिरॉइडचा संशय घे. स्टिरॉइड सूज उतरवतं आणि हाडही खातं.

दुधाचं तर बोलूच नये. डेअरीला कॅनभर घालायचं आणि आपण कोरा चहा प्यायचा! रोज पेलाभर घरात ठेव, भाकरीवर तीळ थाप. मळ्यात उन्हातच असते म्हणतेस, पण डोक्यापासून मनगटापर्यंत झाकलेली; त्या उन्हाचा ड जीवनसत्त्वाला फारसा उपयोग नाही. रक्त तपासून घे. आणि चालत जा गं, जवळच जायचं तरी स्कूटी कशाला?

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनसाठी कोपरगावात अडून बसू नकोस, नाशिकला माझ्याकडे ये. डॉक्टरांना आठवणीनं सांग, आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ते विचारतीलच असं नाही, आणि हाड मोडण्याच्या धोक्याच्या हिशेबात ते धरावं लागतं.