वस्तीचें उत्पन्न व हिंसक गुन्हे : आंकड्यांचा अर्थ कसा लावावा

दारिद्र्य हें गुन्ह्यांचें मूळ होय, असें वाक्य आपण निबंधांत सहज लिहून जातों. तें कितपत खरें आहे हें ठरवावयाचें तर आधीं मोजमाप केलें पाहिजे. तें कसें करावें व त्यावरून काय म्हणतां येतें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

समजा, एका वस्तींत २०,००० लोक राहतात व एका वर्षांत तेथें खून, जबरी चोरी, मारहाण असे ४० गुन्हे नोंदले गेले. दुसऱ्या वस्तींत ५,००० लोक व २० गुन्हे. नुसती संख्या पाहिली तर पहिली वस्ती अधिक वाईट दिसते. परंतु दर हजारीं प्रमाण काढलें असतां पहिलीचें २ व दुसरीचें ४ येतें. म्हणून प्रथम गुन्ह्यांचें लोकसंख्येशीं प्रमाण काढावें. उत्पन्नाच्या बाबतींत सरासरीपेक्षां मध्यगा बरी. कारण एखाद्या लक्षाधीशामुळें सरासरी फुगते, मध्यगा फारशी ढळत नाहीं. नंतर आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर उत्पन्न व उभ्या अक्षावर गुन्ह्यांचें प्रमाण घेऊन प्रत्येक वस्तीसाठीं एक बिंदु द्यावा. बिंदु डावीकडून उजवीकडे उतरत गेले तर संबंध व्यस्त आहे असें समजावें. या संबंधाचें बळ सहसंबंध गुणांकानें दाखवितात. तो −१ व +१ यांच्या दरम्यान असतो.

या विषयाचा अभ्यास अमेरिकेंतील शिकागो शहरीं फार झाला आहे. शॉ व मॅके या संशोधकांनीं १९४२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तेथील बालगुन्हेगारीचे नकाशे दिले. शहराच्या मध्याजवळील गरीब भागांत हें प्रमाण अधिक होतें. त्या भागांतून एका देशाचे लोक गेले, दुसऱ्या देशाचे आले, तरी तें उंचच राहिलें. अर्थात् दोष कोणा जातीच्या रक्तांत नसून त्या भागाच्या परिस्थितींत शोधावा लागतो.

येथें एक मोठी चूक होण्याचा संभव आहे. वस्तीविषयीं खरें तें तेथील प्रत्येक माणसाविषयीं खरें, असें मानणें ही ती चूक. रॉबिन्सन यांनीं १९५० सालीं ती उत्तम रीतीनें दाखविली. अमेरिकेच्या १९३० च्या शिरगणतींत ४८ राज्यांची तुलना केली तर जेथें परदेशांत जन्मलेले लोक अधिक, तेथें निरक्षरता कमी दिसे. गुणांक सुमारें −०.५३. परंतु माणसें एकेक करून पाहिलीं तर परदेशांत जन्मलेल्यांतच निरक्षरता किंचित् अधिक होती. गुणांक सुमारें +०.१२. बाहेरून आलेले लोक साक्षर राज्यांत जाऊन वसले होते, एवढाच त्याचा उलगडा.

शिवाय, उत्पन्नाबरोबर दुसरेंही कारण वावरत असतें. सॅम्पसन, रॉडेनबुश व अर्ल्स यांनीं १९९५ सालीं शिकागोच्या ३४३ वस्त्यांतील ८,७८२ रहिवाशांस विचारलेल्या प्रश्नांच्या आधारें १९९७ सालीं आपले निष्कर्ष मांडले. शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास आहे काय, मुलें शाळा चुकवून नाक्यावर उभीं राहिलीं तर कोणी हटकील काय, असे ते प्रश्न होते. जेथें असा विश्वास व अशी तत्परता अधिक, तेथें गरिबी जमेस धरूनही हिंसा कमी आढळली. गरिबी व हिंसा यांचा संबंध पुष्कळ अंशीं, परंतु सर्वस्वी नव्हे, याच मार्गानें जातो असें दिसलें.

तेव्हां गरीब वस्त्यांत हिंसक गुन्ह्यांचें प्रमाण बहुधा अधिक असतें, हें विधान मोजून केलेलें आहे. परंतु अमुक मुलगा त्या वस्तींतला म्हणून तो गुन्हेगार, हें विधान त्यांतून निघत नाहीं. त्या वस्तींतले बहुतेक लोक कोणावर हात उगारीत नाहींत. शाळेंत प्रवेश देतांना, कामावर ठेवतांना किंवा चोरीचा संशय घेतांना केवळ पत्त्यावरून माणसाची परीक्षा करणारा आंकड्यांचा आधार सांगतो खरा; पण आंकडे त्याच्या बाजूस नसतात.