ठाऊक असणे आणि अंगवळणी पडणे

पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी व एक श्वासासाठी ठेवावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक असते. तरीही दावतीच्या दस्तरखानावर बिर्याणीची दुसरी रकाबी पुढे आली की हात थांबत नाही. माहिती आणि आचरण यांतील हे अंतर मिटविणे, हेच स्थूल प्रौढांसाठी चालणाऱ्या आरोग्यशिक्षण वर्गांचे खरे काम आहे.

अमेरिकेत हे अंतर चक्क मोजले गेले. वजन जास्त असलेल्या व मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या ३,२३४ प्रौढांचा हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला छापील माहिती, वर्षातून एकदा वीस-तीस मिनिटांचा सल्ला आणि औषध नसलेली नुसती गोळी मिळाली. त्यांचे वजन सरासरी अवघे १०० ग्रॅम उतरले. दुसऱ्या गटाला गोळी नव्हतीच. प्रशिक्षकासमोर बसून शिकायचे सोळा धडे होते. त्यांचे वजन सरासरी ५.६ किलो उतरले आणि मधुमेहाचे प्रमाण पहिल्या गटापेक्षा ५८ टक्के कमी राहिले. मेटफॉर्मिन घेणाऱ्या तिसऱ्या गटात ही घट ३१ टक्के होती.

या धड्यांत गूढ काही नाही. जे खाल्ले ते वहीत लिहायचे, नियमित वजन करायचे, आठवड्यात १५० मिनिटे भरभर चालायचे, मेजवानीत काय करायचे ते आधीच ठरवायचे. एक धडा तर नियम मोडल्यावर पुन्हा कसे सावरावे याचा आहे. मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो, कारण एका दावतीनंतर ‘आता सुटलेच’ म्हणून सारे सोडून देणारे आपल्यात पुष्कळ आहेत. अभ्यासातील लोकांचे वजनही पुढे बरेचसे परतले. तरी दहा वर्षांनंतरही मधुमेहाचे प्रमाण ३४ टक्के कमीच आढळले.

चेन्नईतही याच धर्तीचे वर्ग घेतले गेले व त्यांचा लाभ दिसला. भारतीयांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या शरीरात चरबी पोटाभोवती लवकर साठते, म्हणून कंबर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावे.

असा वर्ग जवळच्या दवाखान्यात सुरू झाला, तर घरातील पुरुषाने एकट्याने जाऊ नये. तेलाची बुधली ज्यांच्या हाती आहे त्यांनाही सोबत न्यावे, आणि त्या माउलीला स्वतःच्या चालण्यासाठी रोज अर्धा तास मोकळा मिळेल अशी कामाची वाटणी आधी घरात करावी.