टेकडीवर भेटणारे कुत्रे

प्रश्न : मी रोज पहाटे पुण्यात वेताळ टेकडीवर फिरायला जाते. मोकळे सोडलेले कुत्रे धावत अंगावर येतात. मालक लांबूनच ओरडतात, "काही करत नाही तो!" अशा वेळी काय करावं?

उत्तर : ताई, तुमची भीती रास्त आहे. घरात गरीब असलेला कुत्रा बाहेर बिथरू शकतो, म्हणून साखळी मालकाच्या हातात हवीच. हे त्यांना स्पष्ट सांगा, संकोच नको.

कुत्रा धावत आला तर पळू नका. पळणाऱ्याच्या मागे लागणं त्याच्या रक्तातच असतं. हात अंगालगत ठेवून जागीच थांबा, थोडं बाजूला वळा, नजरेला नजर देऊ नका. शेपूट हलते म्हणजे तो खुशीतच आहे, असं नाही. कमरेपासून सगळं अंग सैल डोलत असेल तर ठीक. पण शेपूट ताठ उभी, झटके आखूड, तोंड घट्ट मिटलेलं असेल, तर हळूहळू मागे सरका.

ओरखडा जरी उठला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. मालकाने लसीकरणाचं कार्ड दाखवलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.