भिंत ओली, दिवाळी तोंडावर

प्रश्न : आमचं धावड्यातलं घर जुनं, भिंती दगड-मातीच्या. खालचा हातभर भाग ओल धरतो, ऑइलपेंटचे पापुद्रे निघतात. सुट्टीत मुलं घरी असतात, तेव्हा घरच्या घरीच रंगकाम करावं म्हणतोय. पुन्हा ऑइलपेंटच लावू का?

उत्तर : अजिबात नको, चुना लावा. मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि हवेत सोडते. ऑइलपेंट ती वाट बंद करतो, मग ओल रंगाला फोडून बाहेर येते. सिमेंटच्या गिलाव्यानेही हेच होतं. जुना रंग पत्र्याने पूर्ण खरवडा, कारण त्यावर चुना धरत नाही. खड्डे माती-भुशाच्या गाऱ्याने बुजवून पूर्ण सुकू द्या. बाहेर भिंतीच्या बुडाशी पाणी साचत असेल, तर आधी त्याला उतार काढून द्या. खरं दुखणं बहुधा तिथेच असतं.

मग चुना. कळीचा चुना पाण्यात थोडाथोडा सोडा, चुन्यावर पाणी ओतू नका. तो उकळून उडतो आणि डोळे जाऊ शकतात. म्हणून चष्मा, हातमोजे हवेतच, आणि हे काम मोठ्यांनीच करायचं. रात्रभर मुरवा, गाळा, दुधाइतका पातळ करा. भिंतीवर पाणी शिंपडून दोन-तीन पातळ हात द्या. ओला असताना तो फिका दिसतो, वाळला की पांढरा उमटतो. घाबरून जाड थर देऊ नका.

परतीचा पाऊस थांबल्यावरच सुरुवात करा. सोयाबीनची सुगीही तेव्हाच असते, म्हणून एका वेळी एकच खोली घ्या. मुलांकडे आकाशकंदील आणि उंबऱ्याची रांगोळी सोपवा.