खडकांतील शेजारी

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चिली नावाचा लांबट, चिंचोळा देश आहे. त्याच्या एका बाजूस प्रशांत महासागर, तर दुसऱ्या बाजूस अँडीज पर्वताची उत्तुंग रांग. या देशाच्या उत्तरेकडील मध्यभागातील डोंगर उघडेबोडके आहेत. पाऊस बेताचाच, हिरवे म्हणावे असे निवडुंग आणि पुया नावाची काटेरी झुडपे. दिवसा या उतारांवर जिवंतपणाची फारशी खूण दिसत नाही. सूर्य मावळला, की मात्र खडकांच्या फटींतून एकेक राखाडी तोंड बाहेर डोकावू लागते. मोठे गोल कान, लांब मिशा, झुबकेदार शेपूट आणि वजन जेमतेम अर्धा किलो! हाच चिंचिला. कान पाहून ससा व शेपूट पाहून खार आठवावी. परंतु त्याचे खरे आप्त म्हणजे गिनीपिग.

चिंचिला एकटा राहत नाही. एकेका वसाहतीत शंभरापर्यंत प्राणी शेजारी शेजारी नांदतात, आणि त्याला सबळ कारण आहे. उघड्या उतारावर लपण्यास जागा थोडी. कोल्हा आणि घुबड सदैव टपलेले. अशा ठिकाणी दोन डोळ्यांपेक्षा दोनशे डोळे केव्हाही बरे. एकाला धोका दिसला, की तो भुंकल्यासारखा कर्कश आवाज काढतो आणि क्षणार्धात सारा उतार रिकामा होतो. वसाहत म्हटली की भांडणेही आलीच! मादी नराहून बहुधा मोठी आणि मानी असते. कोणी फार सतावले, तर ती मागल्या पायांवर उभी राहून त्याच्या अंगावर सरळ मूत्राची धार सोडते. मादी सुमारे १११ दिवस पिलांना पोटात वाढवते. त्यामुळे ती जन्मतात तीच उघड्या डोळ्यांची व अंगभर केसांची.

या केसांनीच चिंचिलावर अरिष्ट ओढवले. माणसाच्या त्वचेतील एका छिद्रातून साधारणतः एखाददुसरा केस उगवतो. चिंचिलाच्या एकेका छिद्रातून साठाच्या आसपास केस उगवतात. इतकी मऊ व दाट लोकर पाहून युरोप-अमेरिकेतील श्रीमंतांना तिच्या अंगरख्यांचा मोह पडला. लक्षावधी कातडी परदेशी गेली. जी वसाहत कोल्ह्यापासून रक्षण करी, तीच शिकाऱ्याच्या पथ्यावर पडली. एक ठिकाण सापडले, की तेथील सारेच त्याच्या हाती लागत. १९१० मध्ये चिली, अर्जेंटिना, बोलिव्हिया व पेरू या देशांनी शिकारीस बंदी घालण्याचा करार केला, परंतु तोवर डोंगर जवळजवळ ओस पडले होते. पुढे १९८३ मध्ये चिलीतील इयापेल गावाजवळ या प्राण्यांसाठी राखीव क्षेत्र स्थापन झाले. रानातील चिंचिला आजही संकटग्रस्तच आहेत.

१९२३ मध्ये मॅथायस चॅपमन या अमेरिकन खाण-अभियंत्याने अकरा चिंचिला कॅलिफोर्नियास नेले. थंड हवेच्या या प्राण्यांना उकाडा बाधू नये म्हणून प्रवासात बर्फ वापरावा लागला. अमेरिकेतील आजच्या पाळीव चिंचिलांपैकी पुष्कळसे त्या अकरांचे वंशज मानले जातात. पिंजऱ्यात जन्मलेल्या चिंचिलाने डोंगर कधी पाहिलेला नसतो. तरी शेजाऱ्याची गरज त्याच्या रक्तातून गेलेली नाही. एकट्या ठेवलेल्या चिंचिलास मालकाचा पुष्कळ वेळ मिळावा लागतो. तो न मिळाल्यास प्राणी मरगळून बसतो. कधी स्वतःचीच लोकर कुरतडतो. मालकाने कितीही माया केली, तरी चिंचिलाच्या खेळण्याची वेळ रात्रीची आणि माणसाच्या झोपेचीही तीच!

म्हणून जाणते लोक एकाच वेतातील दोन भाऊ किंवा दोन बहिणी एकत्र पाळतात. सोबती मेला व नवा आणला, तर त्याला एकदम आत सोडणे घातक ठरते. परक्याला चावून जखमी करण्यास चिंचिला कचरत नाही. प्रथम दोन पिंजरे थोडे अंतर राखून ठेवतात, इतके की जाळीतून एकमेकांच्या बोटांचा चावा घेता येऊ नये. मग एकाच्या अंथरुणातील गवत दुसऱ्याकडे द्यावयाचे. ज्या बारीक धुळीत लोळून चिंचिला अंग स्वच्छ करतात, ती धूळही दोघांना आळीपाळीने द्यावयाची, म्हणजे एकाचा वास दुसऱ्याच्या ओळखीचा होतो. यात कधी काही दिवस, कधी कित्येक आठवडे जातात. घाई करून भागत नाही. शेवटी एके दिवशी दोघांना एकत्र सोडतात. थोडी पळापळ, थोडी कुरकुर होते; आणि सारे जुळले, तर एक दुसऱ्याच्या कानामागची लोकर हळुवार दातांनी विंचरू लागतो, आणि सकाळी दोघेही एकाच फळीवर अंगाला अंग लावून झोपलेले आढळतात.