दिसले नाहीत तर पैसे परत!

सिंधुदुर्गातल्या देवबागच्या रस्त्यावर एका पाटीने आम्हाला गटवलं. ‘डॉल्फिन शंभर टक्के. दिसले नाहीत तर पैसे परत.’ आम्ही पुण्याचे. ‘पैसे परत’ वाचल्यावर पुढची चौकशी करायची असते, हेच आम्ही विसरलो. मी, नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांचा भाचा अशा चौघांची नावं लिहून टाकली. डॉल्फिन, निवतीचे खडक, भोगवे आणि त्सुनामी बेट, सगळं एका दिवसात.

सकाळी सातला या, असं सांगितलं होतं. रात्रभर बसमध्ये अंग आंबलेलं. आंघोळी, मग घावणे-चटणी, मग सासूबाईंचा दुसरा चहा. बोटीत बसलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर पहाटेपासून जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि समुद्र निजलेला असतो. ऊन चढलं की वारा फिरतो, खारा वारा सुटतो आणि पाणी उसळू लागतं. शाळेत हे पाठ करून मी मार्क मिळवले होते. वापरायची वेळ आली तेव्हा मी तिसरं घावन घेत होते.

कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचे दांडे आहेत. नदीचं पाणी बाहेर लोटतं, लाटा आत येतात, त्या झुंजीत बोट आपटते. भाच्याने घावणे तिथेच समुद्राला अर्पण केले. त्याच्या अंगातलं लाइफ जॅकेट मोठ्या माणसाचं होतं. तो वाकला की ते कानांपर्यंत वर सरकायचं, आणि बक्कल तुटलं होतं म्हणून नाडीची गाठ मारलेली. हे किनाऱ्यावर दिसलं नव्हतं असं नाही. ‘अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे’ असं मीच म्हणाले होते. 2022 च्या मे महिन्यात शेजारच्या तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, ही बातमी वाचूनही म्हणाले होते.

मग लांबवर एक करडी पाठ दिसली आणि लगेच बुडाली. आमच्या बोटीने वेग घेतला. डावीकडून दोन, उजवीकडून तीन बोटी आल्या. सगळ्यांच्या पाट्या बहुधा सारख्याच असाव्यात. पाठ वर आली की सहा इंजिनं तिकडे. मी उभी राहून ओरडत होते, “दादा, जवळ घ्या ना, अजून जवळ!” एकदा दोन पाठी एकदम दिसल्या, एक मोठी आणि तिला चिकटून एक छोटी. पुढच्या खेपेला त्या दुप्पट लांब गेल्या होत्या. मोबाइलमध्ये आलं ते फेस आणि शेजारच्या बोटीतल्या काकांची टोपी. सासूबाई तेवढ्या बसून होत्या. म्हणाल्या, “अगं, ते आपल्याला बघून पळतंय.”

पाटीवरची अट पूर्ण झाली होती. डॉल्फिन दिसले, पैसे गेले. बोटवाल्याला मी दोष देत नाही. डॉल्फिन दिसला नाही तर त्याची सकाळ फुकट, डिझेल अंगावर. अशा माणसाने पाठलाग केला नाही तरच नवल. ती हमी आमच्यासारख्यांना हवी असते, म्हणून ती पाटी लागते.

घरी आल्यावर थोडं वाचलं. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला दिसतो तो बहुतेक वेळा मदारीचा डॉल्फिन. पाठीवरच्या पंखाखाली त्याला मदार असते. मच्छीमार डॉल्फिनला गादा म्हणतात. तो खोल समुद्रात फारसा जात नाही. साधारण 20-25 मीटरपेक्षा उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या तोंडाशी मासे पकडतो, म्हणजे नेमका जिथे जाळी आहेत, बंदरं आहेत आणि आपण आहोत. जगात तो संकटग्रस्त गणला जातो. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं. मासा नसल्यामुळे श्वासाला त्याला वर यावंच लागतं, आणि पाण्याखाली तो आवाजाच्या आधाराने वाट आणि भक्ष्य शोधतो. सहा इंजिनांच्या कल्लोळात त्याची काय गत होत असेल! वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे, आणि त्या कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत प्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं हेही येतं. हे वाचून मी मोबाइल खाली ठेवला. आमच्या सहलीला कायद्यात हे नाव होतं.

पुढच्या जानेवारीत पुन्हा गेलो. या वेळी आधी चौकशी केली. एक वयस्क मच्छीमार भेटले. “गादो दिसात काय?” हा माझा मालवणीचा प्रयत्न ऐकून ते हसले. म्हणाले, “मागे धावल्यात तर पळतलो. गप रवल्यात तर आपणच येतलो.” साडेसहाला निघालो. त्यांनी इंजिन बंद केलं आणि विडी पेटवली. वीस मिनिटं काहीच नाही. मग डाव्या हाताला ‘फुस्स’ असा आवाज झाला. तो त्याचा श्वास होता. मागच्या खेपेला इंजिनांमुळे तो ऐकूच आला नव्हता.

जाणार असाल तर चार गोष्टी सांगते.

निघण्याआधी: पहाटेची फेरी घ्या. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. बोट लागत असेल तर गोळीबद्दल आधी डॉक्टरांना विचारा, ती निघण्यापूर्वी घ्यावी लागते. बोटीत संडास नसतो, त्यामुळे बायका आणि वडीलधाऱ्यांनी दुसरा चहा परतल्यावर प्यावा. चढताना गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, तेव्हा कपडे तसे घाला. टोपीला नाडी आणि मोबाइलला प्लास्टिकची पिशवी हवी.

किनाऱ्यावर: जॅकेट स्वतः बांधून पाहा. मुलांना मुलांच्या मापाचं मागा, नसेल तर त्या बोटीत बसू नका. माणसं मोजा. जास्त वाटली तर उतरा. पैसे बुडाले तरी चालतील.

पाण्यात: बोट डॉल्फिनच्या मागे किंवा समोर नको, बाजूने आणि सावकाश न्यायला सांगा. निदान 50 मीटर अंतर राहू द्या. ते स्वतःहून जवळ आले तर इंजिन न्यूट्रलला ठेवायला सांगा. तिथे आधीच दोन बोटी असतील तर थांबा. पिल्लू दिसलं तर निघा. पंधरा मिनिटं कुणालाही पुरतात. आणि टीव्हीवरल्यासारखी उडी मनातून काढून टाका. या डॉल्फिनची मदार, पंख आणि क्षणभर चोच दिसली तरी दिवस चांगला. बाकी वेळ समुद्री गरुड पाहा, कुरव पाहा, निवतीचे खडक पाहा.

आणि सर्वांत आधी पैशांचं बोला. “काका, नाही दिसले तरी ठरलेले पैसे देऊ, पण पाठलाग नको,” एवढं बोललं की त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं आणि डॉल्फिनच्या मागचंही. मग विचारा, “समजा नाहीच दिसले, तर?”

आमच्या काकांनी विडी झटकली आणि म्हणाले, “नाय तर नाय.”

अशा माणसाच्या बोटीत बसा.