नळी काढल्यावर पुढे काय

प्रोस्टेटचं ऑपरेशन करून आलेल्या माणसाला गावात दोनच गोष्टी विचारतात. गाठ कसली निघाली अन् खर्च किती आला. लघवी थांबते का, हे कोणी विचारत नाही आणि तोही आपण होऊन सांगत नाही. मी एसटीत कंडक्टर होतो; नोकरी वाशिम आणि मंगरूळपीर डेपोत गेली. निवृत्तीनंतर रक्ततपासणीत पीएसए वाढलेला निघाला, बायोप्सीत कॅन्सर आला आणि नागपूरला प्रोस्टेट पूर्ण काढली. नंतर गळेल याची कल्पना डॉक्टरांनी दिली होती, पण कॅन्सर ऐकलेल्या कानात दुसरं काही शिरत नाही. खरं सांगायचं तर कॅन्सरने मला एवढं छळलं नाही जेवढं या गळतीने छळलं. आज मी बराचसा कोरडा असतो. अगदी पूर्ण नाही. जे कळलं ते आमच्या भागातल्या लोकांसाठी लिहून ठेवतो.

१. ऑपरेशन कोणतं झालं, ते आधी समजून घ्या.

आमच्याकडे ‘प्रोस्टेटचं ऑपरेशन’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. वयोमानाने प्रोस्टेटची ग्रंथी वाढून लघवी अडली की दुर्बिणीतून आतला वाढलेला भाग खरवडून काढतात. ते टीयूआरपी. त्यात सुरुवातीला घाईची लागते, थोडं गळतं, पण कायमची गळती फार थोड्यांना राहते. कॅन्सरमध्ये आख्खी ग्रंथी काढून मूत्राशय खालच्या मूत्रनळीला जोडतात. लघवी रोखायला आपल्याला दोन कॉक असतात, एक मूत्राशयाच्या तोंडाशी आणि दुसरा ग्रंथीच्या खाली. ग्रंथीबरोबर वरचा जवळजवळ जातोच. जन्मभर दोघांनी मिळून केलेलं काम खालच्या एकट्याच्या अंगावर पडतं आणि त्याला ते झेपायला महिने लागतात.

माझ्या मेव्हण्याचं टीयूआरपी झालेलं. तो लवकरच मोटारसायकलवर शेतात जायला लागला आणि मला भेटायला आला की म्हणायचा, “भाऊजी, तुमचं काहून अजून सुदरलं नाही?” त्याचा हेतू वाईट नव्हता. पण त्याचं आणि माझं दुखणं एक नव्हतंच, हे त्याला कळेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला.

२. सुधारणा ठरावीक क्रमाने येते.

ऑपरेशनच्या वेळी लघवीसाठी घातलेली नळी (कॅथेटर) साधारण एक ते दोन आठवड्यांनी काढतात. काढली की उभं राहताक्षणी लघवी सुटते, आपल्याला विचारतही नाही. घाबरायला होतं, पण बहुतेकांचं असंच असतं. आधी रात्र कोरडी होते, कारण आडव्या अंगाला भार नसतो. मग बसल्या जागी थांबायला लागते, त्यानंतर चालताना. खोकला, शिंक, वजन उचलणं आणि खुर्चीतून झटकन उठणं यांचा नंबर सगळ्यात शेवटी. सकाळी बरं आणि संध्याकाळी ओलं, हेही ठरलेलं. दिवसभर काम करून तो स्नायू थकतो. बहुतेकांची गळती तीन ते सहा महिन्यांत बरीच उतरते, काहींना वर्ष लागतं. म्हणून कालच्याशी तुलना करू नका, मागच्या महिन्याशी करा.

३. व्यायाम नीट शिकून घ्या, मग करा.

याला केगल व्यायाम म्हणतात. अर्नोल्ड केगल हे अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ. बाळंतपणानंतर गळणाऱ्या बायकांसाठी त्यांनी १९४८ मध्ये तो मांडला. आम्ही पुरुष त्या बायकांच्या उसनवारीवर जगतो.

आधी स्नायू सापडला पाहिजे. चारचौघांत बसलेलं असताना वारा सरू नये म्हणून जे आवळून धरतो, तो स्नायू. बरोबर आवळला की लिंग किंचित आत ओढलं जातं आणि अंडकोष वर उचलले जातात. आरशासमोर उभं राहिलं तर दिसतं. पोट, मांड्या किंवा कुल्ले ताणले जात असतील तर चुकतंय. श्वास रोखायचा नाही. पाच मोजेपर्यंत धरायचं, तेवढाच वेळ सोडायचं, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. आधी झोपून, मग बसून, मग उभं राहून. जमत गेलं की पाचाचे दहा करायचे. सोडणंही आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे, हे फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला पोटावर हात ठेवून शिकवलं. नळी आत असताना हा व्यायाम करू नये आणि रोज लघवी करताना मध्येच धार थांबवून तो करायची सवयही लावू नये. जास्त केला म्हणून लवकर गुण येतो असं नाही. थकलेला स्नायू संध्याकाळी जास्तच गळतो.

पण माझ्या मते खरा उपयोग व्यायामाच्या वेळेबाहेरचा आहे. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळा, मग खोका. बाजेवरून उठायच्या आधी आवळा. पिशवी उचलायच्या आधी आवळा. काही आठवड्यांनी ते आपोआप होतं.

वजनाचं मात्र डॉक्टर सांगतील तेवढे आठवडे नावच काढायचं नाही. आमच्या जिल्ह्यात दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन घरात येतं. खळ्यावर मळणीयंत्र चालू, पोती भरणं चालू आणि घरचा कर्ता माणूस खुर्ची टाकून बसलेला, हे दृश्य शेजाऱ्यांना खुपतं. खुपू द्या.

४. पाणी तोडू नका, चहा तोडा.

गळतं म्हणून पाणी बंद करणं हा पहिला मोह. कंडक्टरला तर तो मुरलेलाच असतो. गाडीत प्रवासी भरलेले आणि पुढचा स्टँड लांब, म्हणून आम्ही जन्मभर घोटभर पाण्यावर ड्यूट्या काढल्या. ऑपरेशननंतर ही सवय घात करते. लघवी घट्ट आणि पिवळी झाली की मूत्राशयाला चुरचुरते, घाई वाढते, जंतुसंसर्गाला वाव मिळतो. वर बद्धकोष्ठता होते आणि कुंथल्याने खालचा स्नायू आणखी ढिला पडतो. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा तर पाणी तोडणं वेडेपणाच. डॉक्टरांनी हृदय किंवा किडनीसाठी मर्यादा घातली नसेल तर दिवसभरात दोनेक लीटर, थोडं थोडं, आणि दिवेलागणीनंतर कमी.

चहाचं वेगळं. त्यातलं कॅफीन मूत्राशयाला चाळवतं. आमच्या वऱ्हाडात कोणाच्या घरी टेकलं की कप पुढे येतोच आणि नाही म्हटलं की घरमालकीण नाराज. मी “डॉक्टरनं बंद केला बाई” एवढंच म्हणतो. डॉक्टरचं नाव घेतलं की कोणी आग्रह करत नाही. तिखटही बंद करा असं मला पुष्कळांनी सांगितलं. ठेच्याने मला काडीचा फरक पडला नाही.

५. पॅडची लाज मेडिकलच्या काउंटरवर सोडून या.

मोठ्या माणसांचं डायपर मागितलं की दुकानातला पोरगा हमखास विचारतो, “कोणासाठी काका, आजीसाठी का?” पहिल्यांदा मी हो म्हणालो. नंतर “माझ्यासाठी” म्हणालो, तेव्हा त्याने आत जाऊन चार प्रकार काढून दाखवले. चिकटपट्टीचं डायपर पडून असलेल्या माणसासाठी. हिंडत्याफिरत्याला चड्डीसारखं वर ओढायचं पुल-अप बरं. गळती उतरली की अंडरवेअरमध्ये चिकटवायचे लहान पॅड पुरतात. घरी असताना जुन्या सुती लुगड्याच्या घड्याही चालतात, मात्र रोज धुऊन कडक उन्हात वाळवलेल्या हव्यात.

काटकसर करून ओला पॅड तसाच ठेवला की जांघा सोलून निघतात. बदलताना साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, खोबरेल किंवा झिंकचं मलम लावा.

रोज किती पॅड लागतात ते लिहून ठेवा, डॉक्टरांना हा आकडा पोथीपुराणापेक्षा जास्त सांगतो. वजन केलं तर आणखी चांगलं. कोरड्या पॅडचं वजन ओल्यातून वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलीटर. मी पॅड पिशवीत घालून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. बायको म्हणाली, “तो काटा आता माह्या चुलीपाशी परत आणू नका.” तो काटा आजही न्हाणीघराच्या फळीवर आहे.

वापरलेला पॅड उकिरड्यावर टाकू नका. त्यात प्लास्टिक असतं, फुगणारी पूड असते. गुरं तोंड लावतात, नाहीतर शेणखताबरोबर ते सगळं वावरात जातं. कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळं द्या.

६. प्रवास थांबवायचा नाही.

यात मी अधिकाराने बोलू शकतो. एसटीत मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट नको. खड्ड्यात आदळलं की सगळी मेहनत वाया. मधली, आतल्या वाटेकडची घ्या. गाडीत चढायच्या आधी स्टँडवर जाऊन या, लागली असो वा नसो. गडद रंगाची पँट, पिशवीत जादा पॅड, एक चड्डी, नॅपकिन, प्लास्टिकची पिशवी. डब्ल्यू.सी.ची सोय कुठल्या स्टँडवर बरी आहे, हे कंडक्टरला विचारलंत तर तो खरं सांगेल.

बाहेर खरी अडचण वेगळीच निघते. पुरुषांच्या मुतारीत पॅड टाकायला डबा नसतो. स्टँडवर नाही, ढाब्यावर नाही, मोठ्या हॉटेलातही बहुधा नाही. पुरुषाला पॅड लागतो हेच कोणाच्या ध्यानात नाही. ब्रिटनमध्ये प्रोस्टेट कॅन्सर यूके या संस्थेने नेमक्या याच डब्यासाठी मोहीम चालवली. आपल्याकडे डेपोला एक डबा ठेवायला असा काय खर्च आहे?

७. देवाधर्माचं अडत नाही.

शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी आमच्या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. दर्शनाला जायचं की नाही, या विचाराने आमच्यातले कितीतरी जण घरी बसतात. धुऊन, कोरडा पॅड लावून मी जातो. माझा जुना ड्रायव्हर जोडीदार पाच वेळचा नमाजी. त्यालाही हेच दुखणं. त्याने मौलानांना विचारलं, तर त्यांनी सांगितलं की, ज्याचं थांबतच नाही त्याने प्रत्येक नमाजाच्या वेळेला नव्याने वजू करावी, नमाज होते. शेकडो वर्षांपूर्वीच्या शास्त्रकारांनी याचा विचार करून ठेवलाय आणि आपण अजून लाजतोय.

८. तीन माणसांना सांगा.

अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांचं २२ डिसेंबर २०२३ रोजी प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन झालं. १ जानेवारी २०२४ ला मूत्रमार्गाच्या संसर्गाने ते परत दवाखान्यात गेले, आणि हे त्यांच्या राष्ट्राध्यक्षालाही दिवसचे दिवस माहीत नव्हतं. केवढा गदारोळ झाला. त्याच महिन्यात ब्रिटनचे राजे चार्ल्स यांनी वाढलेल्या प्रोस्टेटवर उपचार घेणार असल्याचं आधीच जाहीर केलं आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर त्या आजाराची माहिती वाचणाऱ्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. ऑस्टिनसारखा मोठा माणूस लपवतो, तिथे आमच्या गावातल्या आबाने लपवलं तर नवल नाही.

बायको, एक मुलगा किंवा सून, आणि एक मित्र. एवढ्यांना पुरे. माझी बायको मला न्हाणीत चोरून पँट धुताना पाहून म्हणाली होती, “लपोता कायले? लेकरायचे लंगोट धुतले मी, हे काय नवीन हाय?” त्यानंतर घरात तो विषय भाजीपाल्यासारखा निघायला लागला.

९. नवरा-बायकोमधलं.

ताठरता आणणाऱ्या नसा ग्रंथीला चिकटून जातात. त्या वाचवून ऑपरेशन करण्याची रीत अमेरिकेतल्या पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये घालून दिली; कॅन्सर पसरलेला असेल तर दर वेळी ते जमत नाही. नसा वाचल्या तरी ताकद परतायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. गोळ्या आहेत, पण छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्याने त्या घेतल्या तर जिवावर बेतू शकतं. तेव्हा मित्राने दिलेली गोळी तोंडात टाकू नका, डॉक्टरला विचारा.

१०. डॉक्टरकडे कधी परत जायचं.

थंडी वाजून ताप, जळजळ, लघवीत रक्त, धार बारीक होत जाणं किंवा अडणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच. वर्ष उलटूनही दिवसाला बरेच पॅड लागत असतील तर ‘आता असंच’ म्हणून बसू नका. मूत्रनळीला आधार देणारी पट्टी बसवता येते. गळती जास्त असेल तर कृत्रिम स्फिंक्टर आहे. मूत्रनळीभोवती पाण्याने फुगणारं कडं आणि अंडकोषाच्या पिशवीत बोटाने दाबायचा पंप. १९७० च्या दशकापासून माणसांना तो बसवतात. खर्च लाखांत जातो, म्हणून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं आणि काय नाही, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या. वाशिमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तरी यूरॉलॉजिस्टसाठी आमचे बरेच लोक अजून अकोला, अमरावती, नागपूर गाठतात. जाताना पॅडची वही बरोबर न्या.

आणि कोरडे झालात म्हणून पीएसए चुकवू नका. ग्रंथी पूर्ण काढल्यावर तो जवळजवळ शून्यावर यायला हवा, आणि सुरुवातीच्या काळात दर तीन ते सहा महिन्यांनी तो बघावा लागतो. पुढची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.